गर्भारपणातील सीटी : एका प्रतिक्रियेला उत्तर

फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याचा संशय असेल तर गर्भवतीची आणि बाळंतिणीची कोणती तपासणी करावी, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : 'पोटात बाळ असताना सीटी सुचवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे, आपल्याला यंत्रांचा पुळका आहे, आईची काळजी नाही.' मतभेदाला माझी हरकत नाही; पण आक्षेप मांडण्याआधीच समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवणारी ही भाषा आपल्याला शोभत नाही.

छातीच्या सीटीत आईच्या स्तनांना परफ्युजन स्कॅनपेक्षा (किरणोत्सारी द्रव्य टोचून फुप्फुसातला रक्तपुरवठा पाहण्याच्या तपासणीपेक्षा) कितीतरी जास्त किरणोत्सार होतो, हे आपले म्हणणे रास्त आहे. म्हणूनच छातीचा एक्स-रे स्वच्छ असल्यास आणि स्कॅनची सोय असल्यास तो आधी विचारात घ्यावा, असे मी लेखातच म्हटले होते.

आपला रोख मात्र बाळावर आहे, आणि तिथे आकडे आपल्या बाजूने नाहीत. या सीटीत गर्भापर्यंत साधारण 0.01 ते 0.66 मिलिग्रे (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) मात्रा पोहोचते, आणि आपण निर्धोक ठरवलेल्या परफ्युजन स्कॅनमध्ये, तोही कमी मात्रेचा असताना, 0.1 ते 0.5 मिलिग्रे. व्यंगाची वा गर्भपाताची भीती 50 मिलिग्रेच्या खाली दिसत नाही. सीटीचा झोत छातीपुरता असतो आणि बाळाकडे केवळ विखुरलेले किरण जातात. स्कॅनसाठी टोचलेले टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य मात्र हळूहळू मूत्राशयात, म्हणजे गर्भाशयाला लागूनच, साचते, म्हणून त्या बाईला भरपूर पाणी पिऊन वरचेवर लघवीला जायला सांगतात.

यंत्रांचा पुळका असता तर पायाला सूज असल्यास आधी पायाची सोनोग्राफी करून तिथे गुठळी आहे का ते पाहा, असे मी कशाला लिहिले असते? 2019 साली प्रसिद्ध झालेल्या आर्टेमिस अभ्यासात तीन निकष आणि डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) यांच्या आधारे 39 टक्के गर्भवतींचा सीटी टळला, हेही मीच सांगितले होते. सीटी करताना गर्भवतीला मी खोल श्वास घेऊ देत नाही, कारण त्यासरशी धमन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेत टोचलेले औषध न मिसळलेले रक्त पोटाकडून हृदयात ओढले जाते, धमन्या फिक्या उमटतात आणि पुन्हा सीटी करण्याची वेळ येते. ही काळजी कोणासाठी असते, ते आपणच सांगावे.

'आईची काळजी नाही' हे वाक्य मला लागले, कारण माझ्या धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर धाप लागली तेव्हा दूध तोडावे लागेल या धास्तीने सीटी लांबवला गेला, आणि अखेर केला तेव्हा दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या. ती बचावली. खरे तर सीटीच्या आयोडीनयुक्त औषधाचा एक टक्क्याहून कमी अंश दुधात उतरतो आणि त्यातलाही जेमतेम एक टक्का बाळाच्या आतड्यातून शोषला जातो, त्यामुळे स्तनपान थांबवावे लागत नाही. उलट टेक्नेशियमच्या स्कॅननंतर बारा तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका सर्वाधिक असतो, आणि तेव्हा पोटात बाळही नसते.

पोटावर शिशाचे आवरण घालण्याच्या आपल्या सूचनेवर अधिक लिहीत नाही. किरण आईच्या शरीरातच विखुरतात, त्यामुळे वरच्या आवरणाने फारसा फरक पडत नाही. आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही, परंतु धाप लागलेल्या एखाद्या बाईने ती वाचून सीटीला नकार देऊ नये, म्हणून हे उत्तर तिच्या लगत ठेवतो आहे.