प्रायॉन रोगात खरंच प्रतिकारशक्तीच मेंदू पोखरते का?

‘प्रायॉन हे फक्त निमित्त. मेंदूत दाह असतो. मेंदूची चाळण करते ती तुमचीच भडकलेली प्रतिकारशक्ती. तिला थंड करा, म्हणजे क्रॉइट्झफेल्ड-याकोबच काय, अल्झायमरही जवळ येणार नाही.’ हा मजकूर भराभर पुढे पाठवला जातोय. (क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा माणसाला होणारा, जीवघेणा प्रायॉन रोग.) त्यात एक वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्याच आधाराने बाकीचं खपतं.

‘प्रायॉन निमित्तमात्र.’ नाही. आपल्याच पेशी बनवत असलेल्या एका प्रथिनाची घडी चुकते आणि ते चुकलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावतं, हा प्रायॉन. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे प्रथिन बनवणारं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांना प्रायॉन टोचले तरी रोग होत नाही, हे १९९३ मध्ये दिसलं. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो २००३ चा प्रयोग. रोग लागलेल्या उंदरांच्या चेतापेशींमध्ये या प्रथिनाची निर्मिती मध्येच बंद केली गेली. मेंदूत पडू लागलेली भोकं भरून आली, उंदीर जगले. आणि तेही चेतापेशींबाहेर प्रायॉन साचतच असताना. म्हणजे घात चेतापेशीच्या आत, तिच्याच प्रथिनातून होतो.

‘प्रतिकारशक्ती भडकते.’ ज्या अर्थाने आपण जंतूंविरुद्ध प्रतिकार म्हणतो, तो इथे जवळजवळ नसतोच. प्रथिन घरचंच असल्याने शरीर त्याला परकं मानत नाही. ताप नाही, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) नाहीत, पाठीतून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी सहसा वाढलेल्या नसतात. प्रायॉन बाहेरून शरीरात शिरले तर प्लीहा आणि लसिकाग्रंथी या प्रतिकारशक्तीच्या अवयवांमध्ये आधी वाढतात, हे खरं. म्हणूनच बी आणि टी या प्रतिकारशक्तीच्या पेशी नसलेल्या उंदरांना पोटात प्रायॉन टोचले तर बहुधा रोग होत नाही. तेच थेट मेंदूत टोचले की हे उंदीरही मरतात. म्हणजे मेंदू पोखरला जायला या पेशी लागत नाहीत.

आता ते अर्धं खरं वाक्य: ‘मेंदूत दाह असतो.’ असतो. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, लक्षणं दिसण्याआधीच जाग्या होतात आणि त्यांची संख्या वाढते. प्रश्न आहे त्या काय करतात हा. २०१३ मध्ये औषध देऊन त्यांची वाढ रोखली, तेव्हा उंदरांमधला रोग मंदावला. मजकुराला हवं तेच! पण २०१८ मध्ये वेगळ्या औषधाने बहुतेक मायक्रोग्लिया नाहीशा केल्या, तेव्हा मेंदूत प्रायॉन वाढले आणि उंदीर लवकर दगावले. मला यात विरोध दिसत नाही. या पेशी प्रायॉन गिळून साफ करतात आणि त्याच पेशी, विशेषतः फार चेतल्यावर, इजाही करतात. अशा व्यवस्थेला सरसकट ‘थंड करा’ सांगणं धोक्याचं आहे.

अल्झायमरबद्दलचं आश्वासनही टिकत नाही. नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक गोळ्यांनी तो टळतो का, हे मोठ्या चाचणीत तपासलं गेलं, टळला नाही. उलट मायक्रोग्लियांचं काम दुबळं करणारे ट्रेम-२ जनुकातले बदल अल्झायमरचा धोका वाढवतात, असं २०१३ पासून माहीत आहे.

या मजकुराने मला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच कारणाने. प्रतिकारशक्ती खरोखर मेंदूवर उलटते असे आजार आहेत: एनएमडीए रिसेप्टर किंवा एलजीआय-१ या मेंदूतल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन होणारा मेंदूदाह. काही आठवड्यांत विसरभोळेपणा, वागणुकीत बदल, झटके. चित्र कधीकधी क्रॉइट्झफेल्ड-याकोबसारखंच दिसतं. फरक असा, की स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याच्या उपचाराने यातले अनेक रुग्ण बरे होतात, आणि उपचार जितका लवकर तितका चांगला. घरातल्या कुणाची स्मृती काही आठवड्यांतच ढासळत असेल, तर घरच्या घरी दाहशामक गोळ्या देत बसू नका. मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या आणि रक्तातल्या व पाठीतल्या पाण्यातल्या प्रतिपिंडांची तपासणी झाली का, हे स्पष्ट विचारा.