ज्वारी खा, पण गोळी सोडू नका

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, रानात आंबील-भज्जीची पंगत बसली होती, तेव्हा चुलतभावानं मोबाइल पुढं केला. आपल्या लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपवर फिरणारा तोच मेसेज: "आपले आजे-पणजे ज्वारीची भाकर अन् गूळ खायचे, त्यांना शुगर नव्हती. शुगर हा शहरातल्या जाड माणसांचा आजार. गोळ्यांनी किडनी जाते. 21 दिवस भाकर-गूळ खा, गोळ्या कायमच्या बंद." आमच्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, तो मनावर घेतला अन् गोळ्या सोडल्या.

ज्वारी काढून झाल्यावर एका संध्याकाळी अण्णा घरी आले तर फरशीवर रक्ताचे ठसे. काकूंनी पाय उचलून पाहिला, तळव्यात धसकट घुसलेलं. अण्णांना पत्ताच नव्हता. वर्षानुवर्षांच्या साखरेनं पाय बधिर झालेले, त्यात गोळ्या बंद. जखम महिनाभर चिघळत राहिली. म्हणून या मेसेजला एकेक करून उत्तर देतोय.

आज्यांना शुगर नव्हती, हे कुणी तपासलं होतं? पूर्वी गावात रक्त तपासायची सोयच कुठं होती? माणूस "वाळत वाळत गेला" एवढंच सांगितलं जायचं. ज्यांना खरंच नव्हती, त्यांनी आयुष्यभर मोट हाकली, औत धरलं, बाजाराला पायी गेले. ते श्रम सोडून नुसती भाकर उचलायची, हा हिशेब चुकीचा आहे.

जाड माणसांचा आजार, हे तर सगळ्यात घातक. आपल्याकडं कितीतरी काटकुळ्या शेतकऱ्यांना शुगर आहे, आणि "मी तर बारीक" म्हणून ते तपासत नाहीत. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी छापली होती. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, पण ब्रिटिश डॉक्टरच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचं वजन त्यांनी मोजलं, ते सरासरी 2.7 किलो भरलं; इंग्लंडच्या बाळांचं 3.5. आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानानं राखलेली. म्हणजे शुगरची तयारी आईच्या पोटातच सुरू होते. हॉलंडमध्ये 1944-45 च्या उपासमारीत जे आईच्या पोटात होते, त्यांच्यात पन्नाशीला साखर पेलायची ताकद कमी आढळली. हे वाचलं की मला 72 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्या आया आठवतात. राहिला शहराचा मुद्दा: 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत शहरात 16.4 टक्के लोकांना मधुमेह निघाला, खेड्यातही 8.9 टक्के.

भाकर चांगलीच आहे, मी रोज खातो. पण 100 ग्रॅम ज्वारीत 68 ग्रॅमच्या आसपास पिष्टच असतं, म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर शुगर चढणारच. गूळ तर बहुतांशी साखरच. रंग बदलला म्हणून रक्तात वेगळी वागत नाही.

गोळ्यांनी किडनी जात नाही, वाढलेली शुगर अन् बीपी ती खातात. किडनी आधीच दुबळी असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी कमी किंवा बंद करतात. तेवढंच ऐकून लोक उलटा अर्थ लावतात.

गोळ्या सुटूच शकत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत 46 टक्के लोकांची शुगर वर्षभरानं औषधाविना आटोक्यात होती. पण त्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, कुणी इन्शुलिनवर नव्हतं, तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशे कॅलरीपर्यंतच आहार होता अन् सगळं देखरेखीखाली. ज्यांनी 15 किलो किंवा जास्त वजन घटवलं, त्यांनाच सर्वाधिक यश आलं. त्यात गूळ नव्हता आणि 21 दिवसांचा वायदाही नव्हता.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर-बीपी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. अण्णा आता दर महिन्याला जातात. दीड भाकर, मेथीची भाजी, वेळेवर गोळी; आणि रोज रात्री काकू बॅटरी धरून त्यांचे दोन्ही तळवे पाहतात.