आठ बाय बेचाळीसच घ्या

पक्षी बघायला नुकती लागलेली मुलं दर हंगामात विचारतात, "काकी, दुर्बीण कुठली घेऊ?" दुकानात त्यांच्यापुढे बहुतेक वेळा दहा पटीची ठेवली जाते. मी आठ बाय बेचाळीसच सांगते, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. कित्येक वर्षं माझ्या गळ्यात निकॉनची मोनार्क फाइव्ह आहे, याच मापाची. ती बदलावी असं अजून एकदाही मनात आलेलं नाही.

आपल्या गोव्यात हेच माप का, तर आपलं रान. तांबडी सुर्लच्या देवळाजवळच्या झाडीत उजाडून बराच वेळ झाला तरी खाली काळोखच असतो. बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगातून आत आलेला उजेड आठ पटीला ५.२५ मिलिमीटरचा झोत होऊन डोळ्यात उतरतो, दहा पटीला ४.२ मिलिमीटरचा. माळावर भर उन्हात हा फरक जाणवत नाही, कारण डोळ्याची बाहुलीच तेवढी उघडलेली नसते. झाडीत मात्र ती पसरते आणि प्रत्येक मिलिमीटर कामाला येतो. मलबार कर्णा या पक्ष्याचा नर निदान लाल पोटामुळे तरी सापडतो. मादी मातकट, तीही पाठ फिरवून निश्चल बसलेली. अशा वेळी छातीवरची पुसट कड आणि पोटाचा फिका बदामी रंग वेगळे दिसले, तरच ती दिसली म्हणायचं. माझ्या दुर्बिणीतून ते वेगळे दिसतात.

दुसरी गोष्ट दृष्टिक्षेत्राची. हिचं ६.३ अंश आहे, म्हणजे हजार मीटरवर ११० मीटर रुंदीचा पट्टा. याच मालिकेतल्या दहा पटीच्या दुर्बिणीचं ५.५ अंश. आकडे किरकोळ वाटतात. पण बोंडल्याला मिश्र थवा डोक्यावरून सरकायला लागला की निखार, कोतवाल, बुलबुल सगळे एकदम हलत असतात. नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्याला लावायची आणि पक्षी आतच असायला हवा. आपला राज्यपक्षी, तो पिवळाधमक, काळ्या डोक्याचा बुलबुल, फांदीवर किती वेळ थांबणार? त्याच्या गळ्यावरचा माणकासारखा लाल डाग बघायला मिळतो तो क्षणभरच.

आणि होडी! कुंभारजुव्याच्या कालव्यात इंजिनाची थरथर हातात येते, दहा पटीला ती आणखी मोठी दिसते. कांदळवनातला कॉलर्ड किंगफिशर आठ पटीत नीट बघता येतो. पांढरी गळपट्टी, काळी चोच, सगळं स्पष्ट.

चष्मेवाल्यांनी आय रिलीफ, म्हणजे डोळा काचेपासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, बघितल्याशिवाय काहीही घेऊ नये. माझ्या दुर्बिणीचा १९.५ मिलिमीटर आहे, त्यामुळे चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं. रायबंदर-चोडण फेरीबोटीत एक आजी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मातशें पळोवं?" जरा बघू का, असं. मी आयकप, म्हणजे डोळ्याकडची कडी, खाली फिरवून दुर्बीण त्यांच्या हातात दिली. जाड काचांचा चष्मा होता, तरी मांडवीवर घिरट्या घालणारी तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची घार त्यांना लगेच सापडली. चोडण येईपर्यंत त्यांनी दुर्बीण परत दिली नाही, आणि मलाही ती मागावीशी वाटली नाही.

आपला पावसाळा भिंगांचा वैरी आहे. जूनमध्ये चपलांना बुरशी येते, तर काचेला का नाही येणार? म्हणून आत नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीणच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. मोरजीच्या समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर मी आधी ब्लोअरने वाळू उडवते, मग ओल्या फडक्याने मीठ टिपते. वाळूचा कण काचेवर असताना पुसायचं नाही, काचेवरच्या पातळ लेपावर ओरखडा कायमचा राहतो. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते. एवढीच तिची बडदास्त.

याहून कितीतरी महागड्या दुर्बिणीतून मी बघितलं आहे. चित्र कडेपर्यंत लख्ख होतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या दुर्बिणीचं चाक कुठल्या अंतराला किती फिरवायचं ते माझ्या बोटाला न बघता कळतं. ते कळायला काही हंगाम जावे लागतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी दुर्बीण बदलणाऱ्याच्या बोटाला ते कधीच कळत नाही. मला त्या लख्ख कडांपेक्षा हे बोट जास्त मोलाचं वाटतं.

घेण्याआधी कुणाला माझ्या दुर्बिणीतून बघायचं असेल तर थंडीत रविवारी सकाळी करमळीच्या तळ्यावर या, रेल्वे स्टेशनाच्या बाजूला. अडया, म्हणजे रानबदकं, आणि कमळपक्षी असतातच. चष्मा असेल तर घालूनच या.