‘पुण्यात स्टॅटिक नसतं’ म्हणे!

‘तपकीर गल्लीतून आणलेले बारीक कंपोनंट घरी जपायचे सोपे उपाय’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. (तपकीर गल्ली म्हणजे पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, कंपोनंट म्हणजे सर्किटचे सुटे भाग.) माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला. त्यातलं थोडं बरोबर आहे, म्हणून बाकीचंही लोकांना पटतं.

सुरुवातच अशी: ‘पुण्याची हवा दमट, इथे स्टॅटिक होतच नाही.’ स्टॅटिक म्हणजे घासण्याने अंगावर साचणारा विजेचा चार्ज. जुलैत म्हणा, मान डोलावीन. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली उतरते. सिंथेटिक शर्ट काढताना तडतडतो, प्लास्टिकच्या खुर्चीतून उठून कडीला हात लावला की चटका बसतो.

‘चटका बसला नाही म्हणजे आयसी (सर्किटची चिप) सुखरूप.’ खरी गोम इथे आहे. माणसाला चटका जाणवायलाच साधारण 3000 व्होल्ट लागतात. आणि 2एन7000 सारख्या साध्या मॉसफेटच्या (एका जातीच्या ट्रान्झिस्टरच्या) गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, डेटाशीटने (कंपनीच्या माहितीपत्रकाने) दिलेली कायमची मर्यादा आहे 20 व्होल्टची! त्याखालचा ऑक्साइडचा थर फुटतो तेव्हा ना ठिणगी दिसते ना आवाज येतो. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट इजा. सर्किट चालतं, माणूस खुशीत घेऊन जातो, दोन महिन्यांनी परत येतो. मग ‘माल डुप्लिकेट होता’ म्हणून दुकानदाराच्या नावाने शंख.

‘अंगावरचा चार्ज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा विकत कशाला? तांब्याची तार मनगटाला गुंडाळा, दुसरं टोक प्लगच्या मोठ्या भोकात (अर्थिंगच्या).’ ही ओळ आलेल्या प्रत्येक ग्रुपवर खोडून काढा. विकतच्या पट्ट्यात 1 मेगाओमचा (दहा लाख ओमचा) रेझिस्टर, म्हणजे करंट रोखणारा भाग, असतो. दुसरा हात चुकून 230 व्होल्टला लागलाच तर अंगातून 0.23 मिलिअँपिअर जाईल, कळणारही नाही. नुसती तार बांधलीत तर करंटला तुम्हीच सरळ वाट करून दिलीत. शिवाय पेठांतल्या जुन्या वाड्यांत ते मोठं भोक कित्येकदा शोभेपुरतंच असतं, मागे तारच नसते.

‘आयसीचे पाय थर्माकोलात खोचा.’ अहो, थर्माकोल घासला की तोच चार्ज होतो. काळा कंडक्टिव्ह (वीज वाहून नेणारा) फोम घ्या. फॉरवर्डमध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइल सांगितलीय ती सुट्या आयसीला चालेल, पण सेल बसवलेला बोर्ड तिच्यात गुंडाळला की शॉर्ट. कंपोनंटसोबत मिळणारी गुलाबी पिशवी स्वतः फारसा चार्ज धरत नाही, पण बाहेरचा अडवतही नाही. ते काम धातूचा थर असलेल्या चंदेरी पिशवीचं.

‘ओल लागू नये म्हणून आयसी तांदळाच्या डब्यात ठेवा.’ काय बोलायचं, तांदूळ भाताला ठेवा. पाकिटावर एमएसएल 3 (ओल किती सोसतो त्याची पातळी) लिहिलेला आयसी 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत 168 तास उघडा राहू शकतो. आपल्या पावसाळ्यात हवा त्याहून ओली. मग सोल्डर करायला हॉट एअर (गरम हवेचा झोत) लावली की आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पॅकेज तडकतं.

शेवटचा उपाय सगळ्यात लाडका: ‘नग ज्या पट्ट्यांत येतात त्या फाडून सगळे नग औषधाच्या डब्यांत ओता, बटण सेलही त्यातच. नंतर मीटरने ओळखा.’ आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी बटण सेल? घरात लहान मूल असेल तर विचारच नको. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो.

आणि ओळखणार कसं? 0603 रेझिस्टरवर निदान आकडे असतात (0603, 0402 हे नगांच्या आकाराचे कोड). सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच नसतं. 0402 चा नग 1 मिमी लांब, अर्धा मिमी रुंद, म्हणजे खसखशीएवढा. मीटर सांगेल 100 नॅनोफॅरॅड (त्याची क्षमता), पण 16 व्होल्ट सोसणारा की 50, ते कसं कळणार? म्हणून सोल्डर करायच्या क्षणापर्यंत नग पट्टीतच राहू द्यावा आणि पट्टीवर पेनाने किंमत आणि व्होल्टेज लिहावं. शिवाय काम करताना पंखा बंद, नाहीतर नग उडून जाईल.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. सहा पट्ट्या मीच हौसेने एका डबीत रिकाम्या केल्या होत्या, ‘जागा वाचेल’ म्हणून. ती डबी अजून टेबलावर आहे. फेकवत नाही, वापरवत नाही.