मूळ तसबीर गावच्या घरातच राहू दे

गावचं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधायचं ठरलं, की माजघरातल्या तसबिरींचं काय करायचं, हा वाद कोकणात हमखास उभा राहतो. एक भाऊ म्हणतो, गेलेल्या माणसांचे फोटो नव्या हॉलमध्ये नकोत, घर उदास दिसतं. दुसऱ्याला ते देवघराशेजारी हवेत, तर वहिनीला देवांच्या ओळीत माणसं नकोत. आणि परदेशी स्थायिक झालेला तिसरा सांगतो, “इथे ओलीने कुजून जातील. तिकडची हवा कोरडी आहे, मी घेऊन जातो.”

मी जर्मनीतून लिहितो आहे, म्हणजे त्या तिसऱ्याच्याच जातकुळीतला. तरी माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. मूळ फोटो घराबाहेर जाऊ नये. परदेशातल्या माणसाने प्रत घ्यावी, आणि मूळ जपण्याचा खर्च उचलावा.

ओलीबद्दल तो म्हणतो ते खरंच आहे. जुन्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, म्हणजे हाडा-कातड्यापासून काढलेल्या खळीचा. बुरशीला याहून चांगलं अन्न नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात आषाढ-श्रावणात ती कित्येक दिवस ८५च्या खाली येत नाही. पण बहुतेक तसबिरी नुसत्या हवेने जात नाहीत, जोडणीने जातात. एखादी चाळीस वर्षांची तसबीर भिंतीवरून उतरवून उलटी करा. पाठीला हार्डबोर्ड किंवा प्लायचा तुकडा, त्यावर कुंभारीण माशीचं मातीचं घर, कोपऱ्यात पालीची फुटकी अंडी. आत घडी घातलेलं वर्तमानपत्र, आणि त्याच्या आम्लाने फोटोच्या पाठीवर उमटलेला तपकिरी चौकोन. हार्डबोर्डला खिळ्याच्या बाजूने वाळवी लागलेली. पुढे काचेवर लावलेलं हळदकुंकू पाण्याबरोबर खाली ओघळून चौकटीच्या खाचेत मुरलेलं, आणि फोटो सरळ काचेला टेकलेला असल्यामुळे तिथे जिलेटिन काचेला चिकटून चकचकीत डाग पडलेला. जांभ्या चिऱ्याची भिंत पाणी पिते, आणि तसबीर तिला पाठ लावून चार महिने बसते. नैर्ऋत्येचा पाऊस दक्षिण-पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती झोडपतो, आणि गेलेल्यांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावायची आपल्याकडे समजूत. ती पाळायची असेल तर माजघराची आतली आडभिंत घ्या. दिशा तीच राहते आणि झड लागत नाही.

आता कोरड्या हवेचं. शून्य अंशाची बाहेरची हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, की आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. जर्मन हिवाळ्यात हे रोजचं आहे. पन्नास-साठ वर्षं कोकणच्या दमटपणात राहिलेला, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो तिथे नेला, की जिलेटिन कागदापेक्षा जास्त आकसतं. फोटो पन्हाळीसारखा वळतो. डकवलेला असल्यामुळे वळता आलं नाही तर वरच्या थराला चिरा पडतात, आणि त्या जोडता येत नाहीत. शिवाय इथे भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडलं तर सोडून जाताना बहुधा ते बुजवून द्यावं लागतं, म्हणून बऱ्याच तसबिरी कपाटावर उभ्या राहतात किंवा खोक्यातच पडतात. ज्या ओटीवर चार पिढ्या वावरल्या तिथून खापरपणजी उचलायची आणि हॅम्बर्गच्या तळघरात ठेवायची, याला जपणूक म्हणता येणार नाही.

मग करायचं काय? चाकरमानी गणपतीला येतात आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावी जाऊन तसबिरी नव्याने मढवून घेतात. ही वेळ सगळ्यात वाईट. भाद्रपदातली ओल काचेआड कोंडली जाते आणि पुढच्या पावसाआधीच ठिपके येतात. गणपतीत फक्त प्रती काढा. उघडण्या-बंद करण्याचं काम शिमग्याला, दुपारच्या कोरड्या हवेत.

प्रत काढायला तसबीर उघडावी लागत नाही. पडवीत सावलीच्या उजेडात ती उभी करा, फ्लॅश बंद. मोबाइल तसबिरीला अगदी समांतर धरा, दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत कडा वाकड्या येऊ शकतात. काचेत प्रतिबिंब दिसलं तर दोघांनी मोबाइलच्या मागे काळी चादर धरायची. दोन सेकंदांचा टायमर लावा. १२ मेगापिक्सेलच्या अशा फोटोतून दहा-तेरा इंची छापील प्रत व्यवस्थित निघते. मात्र ती कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो म्हणून टाकली की आकार घटतो, तारीखही पुसली जाते. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

उघडल्यावर फोटो काचेला चिकटलेला निघाला तर ओढू नका, पाणी तर अजिबात लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चेहराच बोळ्यावर येतो. काचेसकट तसाच जपायचा. सुटा निघाला तर मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झाडा, तीही घराबाहेर आणि नाकाला रुमाल बांधून. मग सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने घ्या. जुन्या पेटी-कॅमेऱ्याचे सव्वादोन इंची छोटे फोटो असतील तर १२००ने, आणि टिफ स्वरूपात साठवा.

भिंतीवर प्रत लागेल. ती फोटो लॅबमध्ये रासायनिक कागदावर किंवा पिग्मेंट शाईने छापून घ्या. साध्या डाय शाईचे रंग दमट हवेत फुटतात. काच आणि फोटो यांच्यात दीड मिलिमीटर जाडीच्या माउंटची, म्हणजे मधे चौकोन कापलेल्या पुठ्ठ्याची, खिडकी हवी. पाठीला हार्डबोर्डऐवजी दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती तीन मिलिमीटरची एसीपी शीट लावा. वाळवी तिला खात नाही, ओलही आत जात नाही. काच, माउंट आणि शीट यांच्या कडा अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करा, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी गुंड्या चिकटवून भिंतीपासून सेंटिमीटरभर अंतर ठेवा. पाल आणि कुंभारीण तरीही येतील. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत तसबिरींच्या पाठी झाडणं धरावं. हार घालायचा तो प्रतीला, कुंकूही प्रतीलाच.

मूळ फोटो मात्र पेटीत. पॉलिप्रॉपिलीनचा, रबरी कडेचा हवाबंद डबा घ्यावा. दहा लिटरच्या डब्याला ओल शोषणारं पाव किलो सिलिका जेल पुरतं, आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६०कडे सरकला की जेल ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये तापवून पुन्हा भरायचं, ३०च्या खाली गेला तर थोडं काढून घ्यायचं. प्रत्येक फोटो कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पाकिटात दमट हवेत फोटो चिकटतो. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते. कडुलिंबाचा पाला घालायची पद्धत आहे, पण अर्धवट ओला पाला म्हणजे डब्यात स्वतःच्या हाताने घातलेली ओल.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्या वेळी घराघरांतले अल्बम चिखलात गेले. अशा वेळी ओले फोटो एकावर एक वाळू देऊ नयेत, ते वीट होऊन बसतात. थंड स्वच्छ पाण्यात, पाणी बदलत, पाण्याखालीच एकेक सुटा करायचा आणि दोन दिवसांच्या आत चेहरा वर करून सावलीत कापडावर पसरायचा. घरच्या इंकजेट प्रिंटरवरचे फोटो मात्र पाण्यात बुडवू नयेत, शाई धुऊन जाते. पुराच्या विचारानेच एक प्रत गावापासून लांब हवी, आणि परदेशी माणसाचं खरं काम तेच. एक प्रत गावच्या हार्ड डिस्कवर, दुसरी मुंबईत, तिसरी परदेशात.

प्रत लांब गेली की एक नवा प्रश्न येतो. ओटीवरचा फोटो घरात येणाऱ्यालाच दिसतो, स्कॅन केलेला कुठेही जातो. १८९८मध्ये जर्मन साम्राज्याचा पहिला चान्सेलर बिस्मार्क याच्या मृत्यूनंतर दोघा छायाचित्रकारांनी खोलीत घुसून त्याच्या मृतदेहाचा फोटो काढला. त्या प्रकरणानंतर १९०७च्या कायद्यात जर्मनीने ठरवलं की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसृत करायचं नाही, आणि मृत्यूनंतर दहा वर्षं जवळच्या नातलगांची संमती लागते. घरगुती वादासाठी आपल्याला इतका कायदा नको. पण गेलेल्या काकूंचा अंत्यदर्शनाचा फोटो तासाभरात शंभर जणांच्या ग्रुपवर जातो, तेव्हा काकांना आधी विचारावं एवढं इथून शिकण्यासारखं आहे.

आणि नावं. कागदाआधी तीच जातात. गणपतीत दुपारची आरती झाली की घरातल्या सगळ्यात वयस्क आत्यासमोर फोटो ठेवायचे आणि ती सांगेल ते रेकॉर्ड करायचं. मऊ पेन्सिलने पाकिटावर लिहायचं, फोटो आत घालण्याआधी. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवलं तर समोर वळ उमटतात. डावीकडून उजवीकडे नाव, नातं, माहेरचं गाव, साल. माहेरचं गाव विसरू नये. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला पुढे त्यावरूनच ओळखता येतं. आत्या म्हणाली “ही बहुतेक तळ्यातल्या घरची”, तर “बहुतेक”सुद्धा लिहायचं, आणि तोच मजकूर स्कॅनच्या फाइलच्या नावात टाकायचा.