‘स्क्रू आवळा, स्प्रिंगा कडक करा’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

खऱ्या गाडीच्या एक-पंचमांश आकाराच्या, पेट्रोलवर धावणाऱ्या ऑन-रोड (सपाट डांबरी ट्रॅकवरच्या) रिमोट गाड्या चालवायला शिकणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. मोठी गाडी स्थिर असते म्हणून शिकायला तीच सोपी. कार्ब्युरेटरचा (इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण सोडणाऱ्या भागाचा) स्क्रू आवळला की वेग वाढतो. स्प्रिंगा कडक केल्या की गाडी रस्त्याला चिकटते. आणि एवढे केले की बाकी सेटिंगच्या भानगडीत पडायचे कारण नाही. यातले पहिले विधान अर्धेच खरे आहे. बाकीची चुकीची असून खर्चातही पाडतात.

पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे 53 सेंटिमीटर अंतर असलेली गाडी छोट्या गाडीइतकी चटकन गिरकी घेत नाही, हे मान्य. मात्र साधारण 10 किलोची ही गाडी ताशी 72 किलोमीटरने जाते तेव्हा तिच्यात 2000 जूल ऊर्जा असते. त्याच वेगाच्या 1.4 किलोच्या गाडीत ती 280 जूल भरते. पकड सारखी असेल तर थांबायचे अंतर वजनाने बदलत नाही (चांगल्या डांबरावर ते या वेगाला 25 मीटरच्या आसपास येते, शिवाय चालकाचे बोट हलेपर्यंतचे काही मीटर वेगळे), पण अंदाज चुकला तर कठड्याला काय धडकते यात सातपट फरक पडतो. गाडी आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की डावे-उजवे उलटे भासते, ही नवशिक्याची खरी अडचण तर आकाराने मुळीच सुटत नाही. मोकळ्या जागेत संथ गतीने इंग्रजी आठाचा आकडा गिरवत राहिल्यानेच ती सुटते.

स्क्रूबद्दलचा सल्ला सर्वांत घातक आहे. सुमारे 23 सीसीच्या या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल, म्हणजे 25:1 प्रमाणात लिटरमागे 40 मिलिलिटर, हेच पिस्टनचे वंगण. स्क्रू आवळला की पेट्रोल कमी जाते, त्याबरोबर ऑइलही कमी जाते आणि इंजिन तापते. काही काळ ते खरोखरच चपळ वाटते, आणि नेमका तेवढ्यावरच या सल्ल्याचा डोलारा उभा आहे. पुढे लांब सरळ पट्ट्यावर, रिमोटचा ट्रिगर (वेगाचा खटका) पूर्ण दाबलेला असताना, पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो.

स्प्रिंगांचा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण इथे उलटाच परिणाम होतो. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. ज्या टोकाच्या स्प्रिंगा दुसऱ्या टोकाच्या मानाने कडक, त्या टोकाला हे सरकणे जास्त होते. आणि टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नसल्यामुळे त्या टोकाच्या दोन चाकांची मिळून पकड घटते. म्हणूनच मागच्या स्प्रिंगा कडक केलेली गाडी वळणातून बाहेर पडताना ट्रिगर दाबताच शेपूट सोडते, आणि पुढच्या कडक केल्या तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी नाक बाहेरच जाते. अँटी-रोल बारचे (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीचे) गणितही हेच आहे. सेटिंगमधून नवी पकड फारशी निर्माण होत नाही, आहे तीच पुढे-मागे वाटली जाते. खडबडीत रस्त्यावर कडक गाडीची चाके उसळून जमीन सोडतात, तो तोटा निराळाच.

मग सेटिंगच्या भानगडीत पडू नये, हे चौथे विधान आपोआपच बाद होते. ब्रेकचा जोर पुढे जास्त असेल तर गाडी वळायचे सोडून सरळ घसरते, मागे जास्त असेल तर गर्रकन फिरते. डिफरन्शियलमधले (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधले) ऑइल पातळ असेल तर आतले चाक मोकळे फिरून ताकद वाया घालवते, दाट असेल तर गाडी वळायला कुरकुरते. एका वेळी एकच बदल करावा आणि आधीचे माप वहीत लिहून ठेवावे. अर्थात, ज्याच्या दोन फेऱ्या एकसारख्या येत नाहीत त्याला कुठल्या बदलाने काय झाले हे कळणारच नाही, त्यामुळे हात स्थिर होईपर्यंत उत्पादकाने दिलेली मापे बदलू नयेत.

या सल्ल्यात जिचा उल्लेखच नाही ती गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी तपासावी. गाडी स्टँडवर ठेवून, चाके अधांतरी असताना, रिमोट बंद करावा : रिसीव्हरच्या (गाडीतल्या सिग्नल घेणाऱ्या यंत्राच्या) फेलसेफने, म्हणजे सिग्नल तुटल्यावरच्या सुरक्षा-सोयीने, थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाची झडप) मिटून ब्रेक लागला पाहिजे. रिसीव्हरची बॅटरीच संपली तर फेलसेफही चालत नाही, म्हणून थ्रॉटल मागे खेचणारी स्प्रिंग आणि सिग्नल किंवा वीज गेल्यास इंजिन बंद करणारा स्वतंत्र किल-स्विच हे दोन्ही बसवलेले असावेत.