दसपट पॉइंट म्हणे!

मंगळवारी पत्रपेटीत कॅसिनोचं गुळगुळीत कार्ड आलं. अर्ध्या कार्डावर नुसता 10चा आकडा. 'दसपट पॉइंट, शिवाय भेटवस्तू!' पॉइंट म्हणजे आपण जेवढं खेळू त्या हिशेबाने कॅसिनो आपल्या खात्यात जमा करतं ते. मी इथे नेवाडात हेंडरसनला राहतो, पंचवीस सेंटच्या मशीनवर, म्हणजे आपल्या पावलीच्या मशीनवर, व्हिडिओ पोकर खेळतो. मशीन पाच पत्ते देतं, हवे ते ठेवायचे, बाकीचे बदलायचे, आणि जमलेल्या हाताप्रमाणे बक्षीस. अशी कार्डं बघून हुरळून जायचं वय गेलंय म्हणायचो. गेलो तरी. गाढव मी.

पहिला झटका मशीनपाशी. माझं नेहमीचं मशीन, तीच कळकट खुर्ची, पण काचेवरच्या बक्षिसांच्या टेबलात फुल हाउससमोर (तीन सारखे, दोन सारखे) 9 होते तिथे 8, फ्लशसमोर (पाचही एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम वगैरे) 6 होते तिथे 5! एका नाण्यामागे तेवढी नाणी. गेल्या आठवड्यापर्यंत हे 'नाइन-सिक्स जॅक्स' होतं, म्हणजे गुलामांच्या जोडीपासून बक्षीस देणारा खेळ, त्यात हे 9 आणि 6. नीट खेळलात तर 100 डॉलरमागे 99.54 परत. आता 97.30. एका आकड्याने काय होतं, असं विचारणाऱ्यांना सांगतो. फुल हाउस आणि फ्लश साधारण नव्वदेक हातांत एकेकदा येतात, त्यामुळे प्रत्येक कापलेल्या आकड्यामागे एक टक्क्याहून थोडं जास्तच खिशातून जातं. पाच नाण्यांचा हात सव्वा डॉलरचा, तासाला 600 हात, म्हणजे 750 डॉलर मशीनमधून फिरतात. जुन्या टेबलावर त्याची किंमत तासाला साडेतीन डॉलर पडायची, नव्यावर वीस! आणि हा बदल कधी? प्रमोशनच्या आठवड्यात. दुकानदार सेलच्या आदल्या रात्री किमती चढवतो ना, तेच. फक्त इथे आत गालिचा असतो आणि फुकट कॉफी.

बरं, म्हटलं, दसपट पॉइंट तर घेऊ. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "व्हिडिओ पोकरला दुप्पट, सर." कुठे लिहिलंय? कार्डाच्या मागे, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. चष्मा लावून वाचलं, लिहिलं होतं. माझीच चूक!

राग दुप्पटचा नाही, हिशेबाचा आहे. इथे स्लॉटवर (नुसतं बटण दाबून चित्रं जुळायची वाट बघायची ती मशीनं) 1 डॉलरला एक पॉइंट, व्हिडिओ पोकरवर 4 डॉलरला एक. हजार पॉइंटांचा एक डॉलर. म्हणजे मला मिळतात 100 डॉलरमागे अडीच सेंट. दसपट केले तरी पंचवीस सेंट. जुन्या नाइन-सिक्सवर, एकही चूक न करता, वर दसपट पॉइंट धरून खेळलो असतो तरी 99.79 झाले असते. एकवीस सेंट तरीही त्यांचेच! तेवढंही यांच्या पोटात दुखतं. आधी टेबल कापलं, मग पॉइंट कापले, आणि वर कार्ड पाठवलं की 'तुमच्यासाठी खास'.

होस्टला, म्हणजे कॅसिनोच्या गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या माणसाला, विचारलं तर म्हणतो, "सर, थोडं स्लॉटही खेळा ना, ऑफर वाढतील." का रे बाबा? व्हिडिओ पोकरमध्ये नियमाप्रमाणे 52 पत्त्यांचा प्रामाणिक जोड पिसावा लागतो, त्यामुळे काचेवरचं टेबल वाचून परतावा मोजता येतो. स्लॉटचा मोजून दाखव की मला! जो मोजतो त्याचं फ्री प्ले, म्हणजे खेळायला मिळणारे फुकटचे पैसे, आटवायचं, हाच यांचा पाहुणचार. माझं आठवड्याला 25 डॉलर होतं, आता 5. तेही फक्त सोमवार ते बुधवार, मी कामावर असतो तेव्हा. ड्रॉइंगचं, म्हणजे सोडतीचं, तर बोलूच नका. चार ते सातमध्ये कियॉस्कवर कार्ड सरकवा, मग आठला हजर राहा, नाव पुकारलं की तीन मिनिटांत पोचा. लग्नाचा मुहूर्तसुद्धा एवढा कडक नसतो.

आणि भेटवस्तू. तिच्यासाठी त्या दिवशीचे 300 मूळ पॉइंट हवे होते, मूळ, दुप्पट धरायचे नाहीत. म्हणजे 1200 डॉलरचा खेळ, 960 हात, दीड तासाहून जास्त. नव्या टेबलावर त्याची सरासरी किंमत 32 डॉलर. उठून घरी यायला हवं होतं. पण आता एवढं पेट्रोल जाळून आलोच आहोत, हा जो आपला मध्यमवर्गीय किडा आहे ना, त्याच्यावरच या लोकांच्या इमारती उभ्या आहेत. बसलो. रॉयल (सगळ्यात मोठा हात) वगैरे सोडा, तो चाळीसेक हजार हातांत एकदा यायचा. साधे चार एक्केही आले नाहीत. 58 डॉलर घालवले आणि वीस मिनिटं रांगेत उभा राहिलो.

मिळालं काय? ब्लँकेट. पातळ, करड्या रंगाचं, दहा डॉलरचंही नसेल. चार आण्याची कोंबडी म्हणावी तर मसालाच 58 डॉलरचा.

घरी आलो तेव्हा बाहेर 43 अंश होतं. बायकोने ब्लँकेटकडे पाहिलं, एसीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "जुलैत?" मी काही बोललो नाही. ते अजून गाडीच्या डिकीत पडलंय, आणि आज पेटीत नवीन कार्ड आलंय. आता बारापट.